मधली पानं कोरी राहू देत

प्रिय मित्रा,

परवा फोनवर म्हणालास, ‘डायरी परत बंद पडली, आता जानेवारीत नवी घेतो.’ तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. जानेवारीची वाट बघू नकोस रे. तीच वही काढ, मधली पानं कोरी सोड आणि आजची तारीख टाकून एक ओळ लिही.

माझ्या कपाटात अशा चार डायऱ्या आहेत, पंधरा-वीस जानेवारीपर्यंत भरलेल्या. दोन दिवस चुकले की मी मागचं भरून काढायला बसायचो. ते जमायचं नाही, मग वही उघडायचीच लाज वाटायची. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा १२ आठवडे अभ्यास केला होता. तो वाचला आणि जीव भांड्यात पडला. सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस, तर कुणाला २५४ (अभ्यास १२ आठवड्यांचाच, पुढचा आकडा हिशेबाने काढलेला); मधला आकडा ६६. आपण २१ दिवसांचं ऐकत आलो ना! आणि एखादा दिवस चुकला, तरी सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही.

आता माझी शंभर पानी वही ओट्याजवळ असते. सकाळी चहाचं आधण ठेवलं की ते उकळेपर्यंत तीन ओळी. काल काय झालं, कशाने झालं, आज कोणतं एक काम. रविवारी आठवड्याची पानं परत वाचतो, आणि खरा उपयोग तिथेच होतो. एकदा लागोपाठ दिसलं: ‘मंगळ. आईशी तोडून बोललो. दुपारी जेवलो नव्हतो.’ ‘शुक्र. ऑफिसात चिडलो. डबा तसाच परत आणला.’ मी वर्षानुवर्षं स्वतःला तापट समजत होतो! त्या सोमवारपासून एक वाजला की डबा उघडतो. आई परवा म्हणाली, ‘हल्ली शांत झालास.’

तू मात्र पहिल्याच दिवशी आठ रकाने आखलेस: व्यायाम, ध्यान, पाणी, वाचन आणि काय काय. अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनच्या वहीत १३ गुणांचा तक्ता होता, चूक झाली की काळा ठिपका. पण एका आठवड्यात भर एकाच गुणावर. त्यातला नीटनेटकेपणा तर त्याला सगळ्यात जड गेला, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. तू फक्त वाचन ठेव. रात्री फोन चार्जिंगला लावलास की दोन पानं, आणि वही तिथेच उशाशी.

रविवारी संध्याकाळी फोन करतो. जे लिहिलं असशील ते वाचून दाखव, एकच ओळ असली तरी चालेल. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
जुना बाकमित्र