मदत आली, पण वाडीपर्यंत पोहोचली नाही

महोदय,

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली आणि पुढच्या काही दिवसांत राज्यभरातून मदतीच्या गाड्यांची रीघ लागली. ती माया आम्ही चिपळूणकर विसरलेलो नाही. मात्र बहुतेक गाड्या मुख्य रस्त्यालगतच रिकाम्या झाल्या. आमच्या आळीच्या तोंडाशी जुन्या कपड्यांचा ढीग पावसात भिजून चिखलाला मिळाला, आणि घरात गुडघाभर गाळ साचलेली माणसे फावडे, घमेले व खराटा शोधत फिरत होती. आडबाजूच्या वाड्यांवर तर साधा तांदूळही उशिरा पोहोचला.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण असते, म्हणजे अधिकारांची वाण नाही. हवा आहे तो तालुक्याच्या ठिकाणी एकच नोंदणी कक्ष, जिथे बाहेरून येणारी प्रत्येक संस्था आधी नोंद करील आणि तलाठी, ग्रामसेवक व आशा सेविकांनी वाडीनिहाय कळवलेली गरज पाहूनच गाडी पुढे नेईल. अंथरुणाला खिळलेले वृद्ध, गरोदर स्त्रिया, नियमित औषधे लागणारे रुग्ण यांची यादी मे महिन्यातच तयार असावी, आणि ती कागदावरही असावी. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात वीज आणि मोबाइल दोन्ही बंद पडल्याचा अनुभव रायगड-रत्नागिरीने घेतला आहे.

जिल्हा प्रशासनाने येत्या पावसाळ्यापूर्वी निदान एका तालुक्यात हा कक्ष सुरू करावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, चिपळूण