नायिका गोरी, मोलकरीण सावळी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकच्या लघुपटांसाठी कलाकार हवेत, असे निरोप व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतात. परवाच्या एकात सरळ लिहिलं होतं : 'नायिका – गोरी, स्मार्ट. मोलकरीण – सावळी.' मी कॉलेजच्या मुलांच्या एकांकिका बसवतो. आमच्या गटात सुरगाणा-पेठकडच्या मुली आहेत. आवाज खणखणीत, पाठांतर चोख. निरोप त्यांनीही वाचला. नायिकेच्या भूमिकेसाठी एकीनेही नाव दिलं नाही.

हे त्यांना पडद्यानेच शिकवलंय. २०१९चा 'बाला' तर रंगावरून होणाऱ्या हेटाळणीविरुद्ध बोलणारा चित्रपट. त्यातल्या सावळ्या लतिकासाठी भूमी पेडणेकरचा चेहरा मेकअपने काळा केला. त्याच वर्षी 'सुपर ३०'साठी हृतिक रोशनलाही तसाच रंग फासला. गोष्ट सावळ्या माणसाची, पण काम सावळ्या नटाला नाही! आफ्रिकी माणसाची तर गोष्टही सांगत नाहीत. 'फॅशन'मध्ये (२००८) नशेच्या रात्रीनंतर नायिकेला जाग येते ती एका अनोळखी कृष्णवर्णीय पुरुषाशेजारी. तेवढ्यावरून ती रसातळाला गेली, हे आपण समजून घ्यायचं. तो कोण, कुठला, याच्याशी चित्रपटाला देणंघेणं नाही. त्या दृश्याचा मला आजही संताप येतो.

याउलट जॉर्डन पील यांचा 'गेट आऊट' (२०१७) पाहा. कृष्णवर्णीय क्रिस गोऱ्या प्रेयसीच्या घरी जातो. मेजवानीत कुणी शिवी देत नाही, उलट कौतुकच चालतं. एक बाई तर त्याचा दंड चाचपून बघते. तरी अंगावर काटा येतो, कारण ते कौतुक आपण क्रिसच्या जागी उभं राहून झेलत असतो. जातीच्या बाबतीत नागराज मंजुळेंनी 'फँड्री'त तेच केलं. डुक्कर पकडणाऱ्या जब्याच्या घरच्यांना गाव हसतं आणि शेवटी जब्याचा दगड थेट आपल्यावर येतो. जब्या झालेला सोमनाथ अवघडे कुठल्या अभिनयशाळेतून आला नव्हता.

दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, याचा अभिमान आपण नेहमी मिरवतो. म्हणून इथल्या निर्माता-दिग्दर्शकांना कळकळीची विनंती : पुढच्या निरोपात वय लिहा, बोली लिहा, तालमीच्या वेळा लिहा, रंग लिहू नका. आणि नायिकेसाठी या मुलींची ऑडिशन एकदा घ्याच.

– एक नाट्यप्रशिक्षक, नाशिक