जुने कपडे वेगळे उचला

जुन्या कपड्यांच्या वाढत्या कचऱ्याविषयीची आपली बातमी वाचली. खरेदी कमी करा, हा तिचा सूर पटतो. पण घरात साठलेले द्यायचे कुठे? पूर्वी बोहारीण दारात यायची, दोन साड्यांवर अर्धा तास घासाघीस करून स्टीलचा डबा देऊन जायची. उरल्यासुरल्याची गोधडी व्हायची. आता तेच कपडे ओल्या कचऱ्यात भिजून भांडेवाडीच्या कचरा डेपोत जातात. एकदा खरकटे लागले की त्यांना कोणी हात लावत नाही. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी खर्ची पडते, हे कापूस पिकवणाऱ्या विदर्भाला वेगळे सांगायला नको. महापालिकेने महिन्यातून एक दिवस कचरागाडीत फक्त कोरडे कपडे घ्यावेत आणि पिशव्या, पायपुसणी शिवायला ते बचत गटांना द्यावेत.

– एक वाचक, महाल, नागपूर