आगळाच्या बाटल्या गेल्या

प्रिय आई, बाबा,

आधी सांगून टाकते, मग काय ते रागवा. आपल्या भिरंडांचं आगळ, कोकमाचा तो मिठातला रस, विकायला काढलं. पर्वरीहून पहिल्या बाटल्या गेल्यासुद्धा, काही पणजीत, काही म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात बसणाऱ्या एका मावशींकडे. बाबा, लेबलचा लाल रंग तुमच्या मनासारखा झालेला नाही, ते तुम्ही फोटो बघून गप्प बसलात तेव्हाच कळलं मला. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता अजून थोडं थांब, आणि मी थांबलेच असते, म्हणून नाही विचारलं. राग मानू नका हं.

कसंही करून पाठवलेलं नाही मात्र. ज्यात तडजोड चालत नाही त्यात केली नाहीये. मीठ आईच्याच मापाचं. झाकणं आतून प्लास्टिकची, कारण नुसत्या पत्र्याला मीठ आणि आंबटपणा लागला की गंज धरतोच. एफएसएसएआयच्या अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर, वजन, तारीख, हिरवा ठिपका सगळं लेबलवर आहे. पण लोगो, फोटो, अक्षरांचं वळण हे पुढच्या छपाईत बदलता येतं, आणि काय बदलायचं ते लोकांच्या हातात बाटली गेल्याशिवाय कळणार तरी कसं? व्हॉट्सॲपवर कॅटलॉग टाकला तर लोगोबद्दल कोणी काहीच बोललं नाही, सगळ्यांचा प्रश्न एकच, सोलकढीला किती घालायचं? पुढच्या लेबलवर आता मोठ्या अक्षरात तेच येणार. नुसती घरात बसून डिझाइन करत राहिले असते तर हे कधीच सुचलं नसतं.

आणि सगळ्या बाटल्यांचा रंग सारखा हवा हा हट्ट मी सोडला. विहिरीकडच्या भिरंडाचं आगळ काळपट लाल, गोठ्यामागच्या झाडाचं फिकं, ते तसंच असतं ना आई, आणि उजेडात ठेवलं की आणखी फिकं होतं. मग मी तसंच लिहिलं खाली, रंग झाडाप्रमाणे बदलतो, बाटली अंधारात ठेवा. एक बाई तर म्हणाल्या, हे वाचूनच घेतलं, म्हणजे घरचं असणार.

बाबा, जत्रेच्या नाटकाची तालीम तुम्ही शेवटच्या दुपारपर्यंत घ्यायचात, तरी रात्री पडदा वर जायचाच. राजाची दाढी नीट चिकटली नाही म्हणून देवळासमोर बसलेल्या माणसांना उद्या या असं कधी सांगितलं नाहीत तुम्ही. मी विंगेत तुमच्या शालीत गुंडाळून बसलेली असायची, झोप आली तरी जायची नाही. माझ्याही धंद्याला जत्रेसारखी एक तारीख हवी होती, ती मी ठरवली, एवढंच.

माझी काळजी करू नका. खोली कोरडी आहे, पावसाचं पाणी येत नाही, सकाळी पोदेर पाव घेऊन दारात येतो, रात्री उकड्या तांदळाची पेज करते आणि आई, तू दिलेलं लोणचं अजून आहे. नोकरी सोडलेली नाही, अर्धा वेळ घेतलाय, तेव्हा पैशाचं मनात आणू नका, सोसायटीचा हप्ता नेहमीसारखा मीच भरणार.

आता ऐका. आई, पुढच्या उन्हाळ्यात भिरंडं फोडायला शेजारच्या वहिनींना रोजावर बोलवायचं, पैसे मी देणार, तू खुर्चीवर बसून फक्त मीठ बघायचं. गुडघे दुखत असताना जमिनीवर बसलीस तर मी आगळ घेणारच नाही, खरंच सांगते. माडीवरची बरणी एकटीनं खाली आणायची नाही.

आणि बाबा, तुमच्या सोलकढीत आगळ नको, त्यात मीठ भरपूर असतं आणि तुमचं बीपी मागच्या खेपेला वर होतं. आईनं बिनमिठाची सोलं वेगळी सुकवून ठेवलीत ना, ती भिजवून करायची. जेवण अळणी लागतं म्हणून वरून मीठ घ्यायचं नाही, मला आई सांगते सगळं. गोळी सकाळी चहाआधी. सोमवारी वाळपईला जाऊन बीपी दाखवा, पाऊस असला तर स्कूटर नको, बसनं जा, आणि आकडा मला लगेच कळवा. लेबलवर लाल पेनानं काय खुणा करायच्या त्या करून ठेवा, गणपतीत चवथीला आले की घेऊन जाईन, नवीन छपाई त्यानंतरच आहे.

तुमची,
बाय