सूचना : कंत्राटी आयटी सभासदांची बैठक

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, हिंजवडीतील काही कंपन्यांनी खर्चकपातीपायी कंत्राटांची मुदतवाढ रोखून धरल्याचे अनेकांनी सांगितल्यामुळे येत्या रविवारी सकाळी 10 वाजता वाकड येथील नेहमीच्या सभागृहात बैठक होईल. नेमणूकपत्राची प्रत सोबत आणावी.

ग्राहक कंपनीने प्रकल्पातून मोकळे केले म्हणजे आपल्याला नेमून तेथे पाठवणाऱ्या पुरवठादार संस्थेतील आपली नोकरी आपोआप संपत नाही. नोटिशीचा कालावधी आपल्या नेमणूकपत्रावरून ठरतो, त्या दोन संस्थांमधील करारावरून नव्हे. म्हणून फोनवरील आग्रहाला बळी पडून राजीनामा देऊ नये, जे सांगायचे ते ईमेलने कळवा असे नम्रपणे म्हणावे.

बैठकीपूर्वी पुढील कामे उरकावीत :

1. पगारपत्रके व फॉर्म 16 उतरवून ठेवावेत, कारण कामावरून मोकळे केले की लॉगिन अनेकदा त्याच संध्याकाळी बंद होते. ग्राहकाची एकही फाइल मात्र स्वतःच्या मेलवर पाठवू नये.

2. भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक पाहावे. पगारातून कापलेली रक्कम तेथे जमा झालेली नसेल, तर आताच लेखी विचारणा करावी. नोकरी गेल्यावर उत्तर मिळणे अवघड होते.

गटावर कोणत्याही कंपनीचे नाव लिहू नये, ही विनंती.