विंडोजची खरी तारीख शोधून दिल्याबद्दल आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आमच्या संस्थेतील एका संगणकावर विंडोज नेमकी कधी टाकली गेली, हे शोधण्यासाठी आपण वेळ दिलात आणि हाती आलेल्या तारखांचा अर्थही शांतपणे समजावून सांगितलात, त्याबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांसमोर लिहिण्याला कारण आहे. ज्या तारखेमुळे आमच्या एका सहकाऱ्याच्या प्रामाणिकपणावर शंका घेतली गेली, तशीच तारीख कोणाच्याही संगणकावर दिसू शकते.

त्या सहकाऱ्याने आपला संगणक दुसऱ्याच्या ताब्यात दिला, तेव्हा काही जुन्या फायली जागेवर नव्हत्या. कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ‘सिस्टिमइन्फो’ ही आज्ञा दिल्यावर ‘ओरिजिनल इन्स्टॉल डेट’ या ओळीसमोर जी तारीख आली, ती संगणक ताब्यात देण्याच्या काही दिवस आधीचीच होती. सेटिंग्जमधील ‘अबाउट’ या पानावरही तोच दिवस दिसत होता. साहजिकच, संगणक देण्यापूर्वी त्याने तो फॉरमॅट केला, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकली, अशी चर्चा सुरू झाली आणि त्याच्या म्हणण्याकडे कोणी लक्ष देईना.

आपण मात्र त्या तारखेवर थांबला नाहीत. विंडोज 11 मध्ये (आणि पूर्वी 10 मध्येही) फीचर अपडेट, म्हणजे आवृत्ती बदलणारे मोठे अपडेट, येते, तेव्हा बहुतेक वेळा आतल्या आत नवी विंडोजच बसवली जाते, जुनी ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये हलवली जाते, आपल्या फायली, प्रोग्रॅम आणि सेटिंग्ज नव्या विंडोजकडे सोपवली जातात आणि इन्स्टॉलची तारीख त्या दिवसाची लिहिली जाते, हे आपण सांगितलेत. दर महिन्याला येणाऱ्या सुरक्षा अपडेटमुळे असे होत नाही, हा फरकही आपण लगेच स्पष्ट केलात. म्हणजे पडद्यावरची तारीख खोटी नव्हती. ती सध्याच्या आवृत्तीची होती, आणि आम्ही तिला संगणकावरच्या पहिल्या विंडोजची तारीख मानत होतो.

त्यानंतर आपण रजिस्ट्री, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे नोंदवून ठेवते ते भांडार, उघडून जे दाखवलेत, ते मला सर्वांत मोलाचे वाटते. ‘एचकी लोकल मशीन’मधील ‘सिस्टिम’ आणि त्याखालील ‘सेटअप’ या ठिकाणी ‘सोर्स ओएस’ अशा नावाच्या आणि कंसात अपडेटची तारीख असलेल्या नोंदी एकाखाली एक होत्या. आवृत्ती बदलताना आधीच्या विंडोजची माहिती तिथे जपून ठेवली जाते, आणि डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकली असती तर या नोंदी राहिल्याच नसत्या. प्रत्येक नोंदीत ‘इन्स्टॉलडेट’ नावाचा एक लांबलचक आकडा असतो. 1 जानेवारी 1970 च्या मध्यरात्रीपासून, जागतिक प्रमाणवेळेनुसार, उलटलेले ते सेकंद असतात. उदाहरणार्थ, 1577836800 म्हणजे 1 जानेवारी 2020 ची मध्यरात्र, हे आपण करून दाखवलेत आणि मग सर्वांत जुन्या नोंदीतला आकडा आम्हालाच उलगडायला लावलात. निघालेली तारीख संगणक खरेदी केल्याच्या सुमाराची होती. तेवढ्याने आरोपाचा आधारच गेला. फायलीही पुढे त्याच डिस्कवर, दुसऱ्या वापरकर्त्याच्या खात्यात सापडल्या.

एवढे झाल्यावर कोणीही समाधान मानले असते, पण आपण ती जुनी तारीखही तपासल्याशिवाय मान्य केली नाहीत, याचे मला विशेष कौतुक वाटते. एका संगणकावरची विंडोजची तयार प्रत दुसऱ्यावर उतरवली असेल, तर मूळ प्रतीची तारीख सोबत येऊ शकते, आणि मदरबोर्डवरची बॅटरी उतरल्यामुळे घड्याळ मागे पडले असेल, तर इन्स्टॉलच्या वेळीच चुकीचा दिवस नोंदला जातो. म्हणून वापरकर्त्याच्या फोल्डरची निर्मिती केव्हाची आहे, हे आपण ताडून पाहिलेत आणि मगच निष्कर्ष लेखी दिलात. माझ्या मते, अशा कामात तांत्रिक ज्ञानाइतकीच ही सावधगिरी महत्त्वाची आहे, कारण त्या एका ओळीवर एखाद्या माणसाची विश्वासार्हता अवलंबून असते.

विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली असलेल्या आमच्या दुसऱ्या संगणकाबद्दल मी जाता जाता विचारले, तेव्हाही आपण कंटाळा केला नाहीत. तिथे ‘ट्यून-टू-एफएस’ या आज्ञेने डिस्कच्या मूळ विभागाची फाइल सिस्टिम (फायली साठवण्याची रचना) कधी तयार झाली ते कळते, मात्र ती ईएक्सटी या लिनक्समधील प्रकारची असावी लागते, आणि उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकारात ‘व्हार’, ‘लॉग’, ‘इन्स्टॉलर’ या वाटेवरच्या फायलींच्या तारखाही उपयोगी पडतात, हे मी टिपून ठेवले आहे.

आपल्या सूचनेप्रमाणे आमच्या नोंदवहीत आता पहिल्यांदा विंडोज टाकल्याची तारीख आणि सध्याच्या आवृत्तीची तारीख असे दोन वेगळे रकाने केले आहेत, आणि संगणक एकाकडून दुसऱ्याकडे जाताना ‘सोर्स ओएस’च्या नोंदीही उतरवून घेतल्या जातात. सहकाऱ्यावरील शंका लेखी मागे घेण्यात आली असून त्या पत्रासोबत आपला निष्कर्ष जोडला आहे. त्यानेही आपल्याला नमस्कार कळवला आहे.

कळावे,
आपली कृतज्ञ,
संगणक नोंदवहीचे काम पाहणारी एक कर्मचारी