मणक्याच्या ऑपरेशनआधी

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

मणक्याचं ऑपरेशन म्हटलं की सगळे सळ्या आणि स्क्रूंबद्दलच विचारतात. तू मात्र सर्जनला जेवढे प्रश्न विचारशील, त्याच्या दुप्पट भूलतज्ज्ञांना विचार. डुशेनमध्ये, म्हणजे तुझ्या या स्नायूंच्या आजारात, खरा घात भुलेत होतो, नाहीतर ऑपरेशननंतरच्या दोन-तीन रात्रींत. तुझी फाइल जाडजूड आहे आणि घाईत ती पूर्ण कुणी वाचेलच असं नाही, म्हणून हे तुला तोंडपाठ हवं.

दाखल करून घेताना नर्स विचारेल, "कसली ॲलर्जी आहे का?" नुसतं "नाही" म्हणून मोकळा होऊ नकोस. ही ॲलर्जी नव्हे हे खरं, पण सगळ्यांची नजर त्याच रकान्यावर जाते. तिथे लाल शाईत लिहून घे: 'डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. सक्सिनिलकोलीन नको. सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन यांसारखी हुंगायची भूल नको.' सक्सिनिलकोलीन म्हणजे स्नायू सैल करायचं औषध. त्याला थिएटरात 'स्कोलीन' किंवा 'सक्स' म्हणतात, तीही नावं लिही. डिस्ट्रॉफिन हे प्रथिन नसल्यामुळे तुझ्या स्नायूपेशींचं आवरण कच्चं आहे. या औषधांनी ते फुटतं, आतलं पोटॅशियम एकदम रक्तात उतरतं आणि हृदय बंद पडू शकतं. तुला पूर्ण भूल शिरेतूनच हवी, म्हणजे प्रोपोफॉल आणि त्याच्या जोडीला वेदनाशामक. भुलेच्या मशीनमध्ये आधीच्या पेशंटच्या वायूचा अंश राहतो. त्यामुळे मशीन ऑक्सिजननं धुऊन घेणार का, नळ्या नव्या लावणार का, हे विचारायला संकोच करू नकोस. स्नायू सैल करायला रोक्युरोनियम चालतं, पण तुझ्यात त्याचा असर लांबतो. तो पूर्ण उतरल्याचं नर्व्ह स्टिम्युलेटरवर, म्हणजे नसेला हलका झटका देऊन स्नायू तपासणाऱ्या यंत्रावर, बघूनच घशातली श्वासाची नळी काढायची.

त्याआधी एको, ईसीजी आणि स्पायरोमेट्री (फुंकून करायची श्वासाची तपासणी) ताज्या हव्यात. एफव्हीसी, म्हणजे छाती भरून घेतलेल्या एका श्वासात जेवढी हवा बाहेर टाकता येते ती, अपेक्षित आकड्याच्या ५० टक्क्यांखाली असेल तर धोका वाढतो, ३० टक्क्यांखाली फारच. खोकल्याचा जोर, म्हणजे पीक कफ फ्लो, मिनिटाला २७० लिटरपेक्षा कमी भरला तर कफ स्वतःहून सुटेल या भरवशावर राहता येत नाही. अशा वेळी बायपॅप (मास्कमधून श्वासाला जोर देणारं यंत्र) आणि कफ असिस्ट (खोकला काढायला मदत करणारं यंत्र) यांची सवय ऑपरेशनच्या आधीच हवी. दुखऱ्या पाठीनं, अर्धवट गुंगीत, पहिल्यांदाच तोंडावर मास्क आला की कुणीही तो ओढून काढेल.

स्टेरॉइड एक दिवससुद्धा चुकवायचं नाही. इतकी वर्षं गोळी घेतल्यानं शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल बनणं मंदावलेलं असतं, आणि ऑपरेशनच्या ताणात ते कमी पडलं तर रक्तदाब कोसळतो. म्हणून त्या दिवशी शिरेतून जादा हायड्रोकॉर्टिसोन देतात. किती आणि कधी देणार, ते आधीच लिहून घे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नळी काढल्यावर ऑक्सिजन थोडा खाली आला की कुणीतरी चांगल्या मनानं नाकाला ऑक्सिजनची नळी लावेल. बोटावरच्या यंत्रावर ९८ दिसेल आणि सगळे निश्चिंत होतील. पण तुझी अडचण हवा आत-बाहेर करण्याची आहे. श्वास उथळ असेल तर कार्बन डायऑक्साइड आत साचत जातो आणि ते यंत्र त्याबद्दल काहीच सांगत नाही. डोकं जड होतं, झोप अनावर होते, हाक मारली तरी नीट ओ देता येत नाही. म्हणून नळी निघाली की थेट बायपॅप. साध्या हवेत आकडा ९५ च्या खाली गेला तर आधी कफ असिस्टनं छाती मोकळी करायची. ऑक्सिजन लागलाच तर तो बायपॅपमधूनच द्यायचा आणि कार्बन डायऑक्साइड मोजत राहायचा. हा मजकूर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पलंगाच्या डोक्याशी चिकटवू, कारण रात्रपाळीला माणसं बदलतात.

दुखणं सहन करत पडून राहू नकोस. मॉर्फिनच्या जातीची औषधं श्वास मंद करतात, म्हणून डोस जपून हवा हे खरं. पण दुखलं की खोल श्वासही घेववत नाही आणि खोकताही येत नाही. पोट फुगलं तर लगेच सांग. बायपॅपची हवा पोटात जाते, पोट छातीखालच्या श्वासाच्या पडद्याला वर रेटतं आणि फुप्फुसाला जागा उरत नाही. शौचाचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घे.

भूल देण्याआधीच, तू जागा असताना, गुडघे-कोपर कुठवर सरळ होतात आणि जबडा किती उघडतो ते त्यांना दाखव. आखडलेला सांधा झोपेत ताणला गेला तर तुला ओरडून सांगता येणार नाही.

तुझं बायपॅप तुझ्या सेटिंगसह, कफ असिस्ट आणि दोन्हींच्या वायरी एकाच पिशवीत भरल्या आहेत. मास्कचा जुना पट्टा सैल झालाय, उजव्या गालापाशी हवा सुटते. नवा बाहेरच्या खिशात आहे, तोच लावायला सांग.

तुझी,
आई